अभ्र्यातल्या बाटल्या आणि काळ्या मसाल्याचं मटण

नाशिकला जाऊन वाईन पिणं यात आता काही नवल राहिलेलं नाही. शनिवार आला की गंगापूर धरणाच्या रस्त्याला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. लोक द्राक्षाच्या वेलींत उभं राहून फोटो काढतात, पिझ्झा खातात, दोन बाटल्या डिकीत टाकतात आणि परततात. मीही आजवर तेच करत आले. पण या फेब्रुवारीत ताईचा फोन आला, "शनिवारची रात्र मोकळी ठेव. इथे गंगापूर रोडच्या एका रेस्टॉरंटात बाटल्या झाकून वाईन पाजणार आहेत, आणि जेवायला काळ्या मसाल्याचं मटण आहे." ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिचा जीव वाईनपेक्षा मटणात होता, हे आधीच सांगून टाकते.

पुण्याहून निघायचं म्हणजे चाकणच्या कोंडीला नमस्कार करूनच. त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही; जे त्या रस्त्याने जातात त्यांना ठाऊक आहे, जे जात नाहीत ते सुखी आहेत. चहाला नारायणगावला थांबले. टपरीसमोर टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो उभे होते. आज हे गाव टोमॅटोचं, पण वाईनच्या बाबतीत नाशिकच्या आधी नाव झालं ते याच गावाचं. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी इथे शातो इंडाज उभी केली, शॅम्पेनच्या पद्धतीने फसफसणारी वाईन काढली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशात विकली. कंपनी पुढे कर्जात बुडाली. नाशिकची चलती मात्र ती बुडण्याआधीच सुरू झाली होती. राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, आणि बघता बघता दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे वायनऱ्या उभ्या राहिल्या.

रेस्टॉरंट म्हणजे एक जुना बैठा बंगला. अंगणात लांबलचक टेबल मांडलेलं, प्रत्येकापुढे ग्लासांची ओळ, पांढरा कागद, पेन्सिल आणि दर चार माणसांत एक पिकदाणी. पिकदाणी बघून ताई म्हणाली, "पैसे देऊन थुंकायचं?" आणि तिने ती शेजारच्यांकडे सरकवली, ती रात्रभर तिकडेच राहिली.

बाटल्यांना पांढरे सुती अभ्रे घातले होते, गळ्याशी सुतळी, वर खडूने आकडा. याला इंग्रजीत 'ब्लाइंड टेस्टिंग' म्हणतात, पण आपले डोळे उघडेच असतात, झाकलेली असते ती बाटली. मालकीणबाई चाळिशीच्या, वाईनच्या रीतसर परीक्षा दिलेल्या, पण बोलायला अगदी घरगुती. त्यांनी नियम सांगितले. पहिली फेरी कोरडी: फक्त वाईन, सोबत पाणी. गुण लिहायचे आणि कागद उलटा ठेवायचा. दुसरी फेरी जेवताना, त्याच बाटल्या, नवे गुण. पहिले गुण खोडायचे नाहीत. तोंडाने 'वा वा' किंवा 'शी' करायचं नाही, कारण एकाने 'वा' केलं की शेजारच्या तिघांना तीच वाईन आवडायला लागते.

आमच्या भावजींचा देशी वाईनवर विश्वास नाही. "फ्रेंच असेल तर मी घोटात ओळखीन," हे ते गाडीतून उतरल्यापासून सांगत होते. बाटली जवळ आली तशी त्यांनी अभ्र्यावरून हळूच तिचे खांदे चाचपले. यात शास्त्र आहे बरं का. ताठ खांद्याची बाटली फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या धाटणीची, तिच्यात बहुधा कॅबर्ने किंवा मर्लो या लाल द्राक्षांची वाईन. खांदे उतरते असतील तर बर्गंडी या दुसऱ्या फ्रेंच भागाच्या धाटणीची, म्हणजे शार्दोने (पांढरी) किंवा पिनो न्वार (लाल) असण्याचा संभव. भावजींनी एक चाचपली, दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. सगळ्यांचे खांदे ताठ. मालकीणबाई लांबून बघत होत्या. "सगळ्या वाईन एकसारख्या रिकाम्या बाटल्यांत ओतून घेतल्यात, साहेब. बुचंसुद्धा आतच काढली." भावजींनी हात मागे घेतला आणि पाणी प्यायले.

लाल वाईन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग आणली होती, हे मला फार आवडलं. 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला जिथे खोली सतरा-अठरा अंशांची असते तिथला. आपल्याकडे मार्चमध्ये तेच केलं तर कोमट काढा पितोय असं वाटतं, कारण गरम वाईनमधून अल्कोहोलच आधी नाकात शिरतं.

माझ्या समोर दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार बसले होते. पांढरा शर्ट, मनगटावर जुनं घड्याळ, बोटांच्या पेरांवर वेलींच्या डिंकाचे काळे डाग. निर्यातीच्या द्राक्षांची तोडणी ऐन भरात असताना ते आले होते. मालकीणबाईंचे वडील त्यांचे मित्र. सगळे त्यांना काका म्हणत होते, मीही म्हणू लागले. ग्लास नाकाशी नेऊन डोळे मिटणं, हवेत शब्द शोधणं, असलं काही त्यांनी केलं नाही. घोट घ्यायचा, हिरड्यांवरून फिरवायचा, गिळायचा, आकडा लिहायचा.

मध्येच एक गंमत झाली. आकड्यांच्या बाहेरची एक वाईन काळ्या काचेच्या ग्लासांतून आली. आत काय रंग आहे, काही दिसत नाही. प्रश्न एकच: लाल की पांढरी? हात वर करायचे. जवळजवळ सगळं टेबल 'लाल' म्हणालं, मीसुद्धा. वास भरदार होता, भाजलेल्या लाकडासारखा, आणि घोट थंड नव्हता. काका म्हणाले, "पांढरी."

"कशावरून काका?"

"हिरड्या आखडल्या नाहीत, ताई. लाल करायला रसात साल नि बिया भिजत ठेवतात. तो तुरटपणा दातांमागे बसतो. हिच्यात नाही."

ओकच्या पिंपात मुरवलेली शार्दोने निघाली, मुद्दाम न गारवता दिलेली. मालकीणबाईंनी तेवढ्यात बोर्डोमधला प्रयोग सांगितला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनला वापरतात त्या शब्दांत केलं. म्हणजे शिकलेली माणसंही आधी डोळ्यांनी पितात. आणि १९७६ ची पॅरिसची ती गाजलेली चाचणीही निघालीच: स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे नावं झाकून बाटल्या ठेवल्या आणि लाल-पांढऱ्या दोन्ही गटांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाला गेला. याच स्परियरने पुढे अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीबरोबर वाईन काढल्या, हे मात्र टेबलावर कुणाला माहीत नव्हतं. सोलापूर जिल्ह्यात, जिथे आपण ऊस आणि साखर कारखान्यापलीकडे काही कल्पत नाही, तिथे सांजोवेझे हे इटालियन लाल वाईनचं द्राक्ष पिकतं.

मग जेवण आलं, आणि इथून रात्र खरी रंगली.

आधी वाटीएवढी मिसळ. नाशिकची, तर्री वर तरंगणारी. पहिल्या फेरीत तीन नंबरची पांढरी वाईन सगळ्यांनी खाली ढकलली होती. किंचित गोडसर, 'पोरांचं सरबत' असा शेरा भावजींनी कागदावर लिहिलेला मी वाचला. मिसळीचा घास खाल्ला, जीभ पेटली, वर तीन नंबरचा घोट घेतला आणि तोंडातली आग निम्मी झाली. गोडवा तिखटाला सामावून घेत होता, आंबटपणा तर्रीचं तेल धुऊन नेत होता. उलट सहा नंबरची लाल, जी कोरड्या फेरीत बहुतेकांच्या यादीत पहिली होती, तिचा घोट मिसळीवर घेतला तर घशात निखारा. तिखटावर अल्कोहोल अजून चटका देतं आणि टॅनिनचा, म्हणजे साल-बियांतून येणारा, तुरटपणा कडवट होतो. ताईने तो ग्लास मुकाट्याने माझ्याकडे सरकवला.

मटण परातीतून आलं. कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजलेलं, दगडफुलाचा तो मातकट वास, रश्शावर तवंग, शेजारी बाजरीची भाकरी. पुस्तकात लिहिलेलं असतं की मटणाबरोबर दणदणीत लाल वाईन घ्यावी. मांसातली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा मऊ करतात. खरं आहे, पण ते पुस्तक बिनतिखटाच्या भाजलेल्या मांसावर लिहिलेलं. इथे चरबी सहा नंबरला मऊ करत होती आणि मिरची तिला पुन्हा टोकदार करत होती, आणि दर वेळी मिरचीच जिंकत होती. जमून गेली ती पाच नंबरची, हलक्या रंगाची लाल. एकटी प्यायली तेव्हा नुसती आंबट वाटली होती. रश्शात मात्र तो आंबटपणा आमसुलासारखा कामाला आला. काका मध्ये मध्ये कोरड्या भाकरीचा तुकडा चावून तोंड साफ करत होते. मीही तेच सुरू केलं, पाण्यापेक्षा बरं.

माझं मत तिथेच पक्कं झालं: कोरडी फेरी ही नाकाची परीक्षा, जेवणाशी तिचा संबंध थोडा. स्पर्धांमध्ये परीक्षक घोट घेतात आणि थुंकतात. तिथे जी वाईन मोठ्याने बोलते ती लक्षात राहते. जेवताना मोठ्याने बोलणारं कुणी शेजारी नको असतं.

जेवता जेवता काकांना त्यांच्या बागेबद्दल विचारलं. "होती की पाच एकर वाईनची द्राक्षं," ते म्हणाले. "एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, ते सगळं खायच्या द्राक्षासारखंच. पण खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सला, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाला, तोडलं की चालतं, ह्यांना २२-२३ लागायची. तोवर वेलीवर ठेवायचं, नि पावसाची धास्ती." मग २००८-०९ च्या मंदीनंतर वाईनचा खप बसला आणि ज्या वायनरीशी करार होता तिने माल उचलणं थांबवलं. "मणी एवढुसा, साल जाड, आत बियाच बिया. बाजारात कोण घेणार? पिंपळगावला नेला तर हसतील." त्या काळात नाशिक भागात वाईनच्या कितीतरी बागा उपटल्या गेल्या. काकांनीही कुऱ्हाड लावली आणि थॉमसन या खायच्या द्राक्षावर परतले. राग त्यांच्या बोलण्यात नव्हता. ताट पुसून खाताना त्यांनी पाच नंबरचा ग्लास पुन्हा भरून घेतला.

शेवटी पुरणाचे मांडे आणि त्यावर उशिरा तोडलेल्या शेनिन या पांढऱ्या द्राक्षाची गोड वाईन, ती गुणांच्या बाहेरची. इथे एकच नियम: वाईन गोडाच्या पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर आंबट लागते. ही काठावर पास झाली, गूळ जरा सढळ पडला होता.

अभ्रे निघाले तेव्हा दहा वाजून गेले होते. तीन नंबर नाशिकची शेनिन ब्लां, पाच नंबर अकलूजकडची सांजोवेझे. सहा नंबर खरोखरच बोर्डोची निघाली. भावजी उभे राहिले. "म्हटलं नव्हतं?" त्यांचा कागद उलटला तर पहिल्या फेरीत त्यांनी तिला 'देशी शिराझ (हेही लाल वाईनचं द्राक्ष) असावी' म्हणून चार गुण दिले होते, आणि फ्रेंच म्हणून वर्तुळ केलं होतं ते इगतपुरीकडच्या एका शिराझला. दुसऱ्या फेरीच्या बेरजेत शेनिन पहिली, सांजोवेझे दुसरी, आणि बोर्डो शेवटून दुसरी. बाटल्यांची नावं मी मुद्दाम देत नाही. एका रात्रीच्या मिसळीवरून कुणाच्या वायनरीचा निकाल लावू नये. किमती मात्र ऐका: बोर्डो शेनिनच्या जवळजवळ पाचपट. परदेशी बाटल्यांवर कित्येक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, तेव्हा त्या किमतीत द्राक्षाचा वाटा किती नि सरकारचा किती, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

जायचं असेल तर जानेवारी ते मार्च बरा, तोडणी चालू असते आणि रात्री अंगणात बसवतं. गाडी घरी ठेवा, रिक्षा आधीच सांगून ठेवा. रेस्टॉरंट परवान्याचं बघतं, पण वय २१ च्या खाली असेल तर दारातूनच परत यावं लागेल. दुपारी हलकं जेवा. आणि अत्तर, सेंट, गजरा यातलं काही लावून जाऊ नका. आमच्या टेबलावर एकजण हिना लावून आले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी सगळ्या वाईनमध्ये 'फुलांचा वास' असं लिहिलं.