लाल चांदणी

दुपारचे अडीच. ओपीडीच्या नोंदणी खिडकीवरचा प्रिंटर कागद गिळून बसला होता, म्हणून मी खाली उतरलो होतो. या कामाला हाताखाली दोन मुलं आहेत, पण जेवणानंतर सर्व्हर रूमच्या एसीत बसलं की माझे डोळे मिटतात. रोलरमधून चुरगळलेला केसपेपर ओढत होतो, तेवढ्यात कानावर आलं,

"आजी, जन्मतारीख सांगा."

"पानशेत फुटलं न्हवं का, तवा आईच्या कडंवर होते मी."

खिडकीतली मुलगी विशीतली. तिच्या लेखी पानशेत म्हणजे पावसाळ्यात भजी खायला जायची जागा. तिनं माझ्याकडं पाहिलं. "सर, काय टाकू?"

पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. कडेवर म्हणजे वर्ष-दीड वर्षाची पोर. म्हटलं, "साठ टाक." दिवस-महिना तिनं विचारलाच नाही. सराईतपणे ०१/०१ दाबलं आणि आजी १ जानेवारी १९६० ला जन्माला आल्या.

त्या रकान्यापुढची लाल चांदणी माझी. सॉफ्टवेअर आलं तेव्हा मीच हट्टानं लावून घेतली. तारीख भरल्याशिवाय केसपेपर निघतच नाही. त्याआधी नुसतं वय लिहायचे. साठीचा माणूस पाच वर्षांनी आला तरी फायलीत साठचाच. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनीचं काम किती चाललंय ते काढायच्या सूत्रात वय लागतं, तान्ह्या पोराचे लॅबचे आकडे मोठ्यांच्या मापानं वाचून चालत नाहीत, वगैरे. मीटिंगमध्ये हे सगळं मी तळमळून सांगितलं होतं. डॉक्टरांनी माना डोलावल्या. खरं कारण मात्र कुणाला सांगितलं नाही: मोकळा रकाना मला बघवत नाही. बँकेतल्या फॉर्मवर बायकोच्या नावापुढची मोकळी चौकटही मी आडवी रेघ मारून बंद करतो.

पण चांदणी लावली की माणसं काय करतात, ते नोकरीनं शिकवलं. मोबाईल सक्तीचा केला, तर दहा वेळा नऊ. पत्ता सक्तीचा केला, तर टिंब. आमच्या सर्व्हरवर कितीतरी माणसं टिंबात राहतात. त्यात एकाच नावाच्या दोन बायका, दोघींची तारीख ०१/०१, दोघी टिंबात. मग एकीचा एक्स-रे दुसरीच्या नावावर चढू नये म्हणून माझी पोरं दर शनिवारी जुळ्या फायली निवडत बसतात.

एका वर्षी हौसेनं वाढदिवसाचे एसएमएस सुरू केले. १ जानेवारीला सकाळी नऊ वाजता अर्धा जिल्हा जन्मला. एसएमएसचा वर्षाचा कोटा दुपारपर्यंत खलास. उरलासुरला १ जूनला गेला असता.

१ जूनचं काय ते मला कुणी सांगायला नको. आमचे अण्णा १ जूनचेच. शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं दारात उभं, बापाला तारीख ठाऊक नाही. गुरुजींनी सहा वर्षं मागं जाऊन १ जून लिहून टाकला. निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. आणि सरकारी नियम असा, की पहिल्या तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीलाच निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला अण्णांबरोबर ऑफिसातल्या आणखी तिघांचा निरोप समारंभ. चौघांत मिळून एकच शाल घेतात की काय, अशी मला त्या वेळी भीती वाटली होती.

माझी आजी मात्र सांगायची, "नागपंचमीच्या आदल्या दिशी झाला. लिंबाला झोका बांधला, अन् माझ्या पोटात कळ आली. ढवळ्या बैल आणला त्या साली." मग ओसरीवर वाद पेटायचा. चुलत आजोबा म्हणायचे, ढवळ्या विहिरीच्या आधी आला. आजी म्हणायची, विहिरीचा गाळ काढायलाच ढवळ्या होता. मी कंदिलाशेजारी पोटावर झोपून ऐकायचो. बैल, विहीर, एका वर्षाचा फरक. निकाल कधी लागलाच नाही, जेवणाची पानं मांडली की वाद थांबायचा.

अण्णांची शुगरची फाईल आमच्याकडंच आहे. रेकॉर्डमधली जन्मतारीख दुरुस्त करण्याचा अधिकार सबंध रुग्णालयात तिघांना, त्यातला एक मी. त्या दिवशी घरी आल्यावर जुनी पंचांगं शोधली, दोन्ही सालांच्या श्रावण शुद्ध चतुर्थीच्या तारखा काढल्या आणि कागद अण्णांपुढं ठेवला. म्हटलं, "यातली कुठली टाकू सांगा."

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, घडी घालून माझ्या खिशात परत ठेवला.

"काही करू नकोस बाबा. पेन्शन आहे त्या तारखेवर."