पेपर वाचता येतो, तरीही

मी अजून पेपर वाचतो. गावात माझी पंचाईत झाली आहे ती त्यामुळेच. सकाळी ओट्यावर चष्मा लावून बसलो की येणारा-जाणारा थबकतो. "काऊन काका, पेपर त वाचून राह्यले, मंग गाडी काऊन सोडली?" निविदा सूचनांची बारीक अक्षरंसुद्धा मला लागतात. दवाखान्यातल्या तक्त्यावरची खालची ओळ मी घडाघडा म्हणून दाखवतो. आणि तरी आठ महिने झाले, मी माझ्या स्प्लेंडरला किक मारलेली नाही. म्हणजे मारली आहे, पण स्टँडवर. बॅटरी बसू नये म्हणून.

काचबिंदू, असं मी सांगतो. समोरचा मोतीबिंदू ऐकतो. आपल्याकडे बिंदू एकच. लगेच कोणाच्या तरी मावशीचं शिबिरात झालेलं ऑपरेशन निघतं, तिला आता सुईत दोरा ओवता येतो हे निघतं, आणि "घाबरता कायले, पंधरा मिनिटाचं काम आहे" असं सांगून माणूस खर्रा मळत पुढे जातो. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवता येतं. काचबिंदूत भिंग स्वच्छ असू शकतं. बिघाड मागच्या नसेत असतो. त्या नसेत दहा-बारा लाख बारीक धागे असतात म्हणे, आणि बहुतेकांच्या बाबतीत डोळ्यातला दाब वाढून ते एकेक करून सुकत जातात. हा दाब साधारण 10 ते 21 असावा. माझा एका डोळ्यात 28 निघाला, दुसऱ्यात 31. सुकलेला धागा पुन्हा हिरवा होत नाही. रोज रात्री एकेक थेंब टाकायचा, जन्मभर, आणि राहिलं तेवढं राखायचं. कास्तकाराला हे समजावून सांगावं लागत नाही. समजायला वेळ लागला तो दुसऱ्या गोष्टीला, ती पुढे येईलच.

मी डाकसेवक होतो. ग्रामीण डाकसेवकाला पोटापाण्याचं दुसरं साधन असावं असा नियमच असतो. माझं होतं चार एकर वावर. पासष्टाव्या वर्षी सुट्टी झाली. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, रोहण्याच्या बाजूला, पुलगाव-आर्वी रस्त्याच्या फाट्यापासून तीन किलोमीटर आत. पहिली वर्षं सायकलवर काढली. 1998 साली पऱ्हाटीनं बरा हात दिला आणि मी स्प्लेंडर घेतली. 97.2 सीसी. हा आकडा मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे, यावरून घरात एकदा बोलणंही झालेलं आहे.

त्या गाडीनं काय वाहिलं नाही! मनीऑर्डरी, राख्या, पोरांची हॉलतिकिटं, आधारकार्डं. फवारणीचा पंप. युरियाचं पोतं, तेही पन्नास किलोचं होतं तेव्हापासून. 2018 साली ते पंचेचाळीसचं झालं. बायकोचं बाळंतपण झाल्यावर माहेराहून ती आणि पोरगा दोघं याच गाडीवर आले असते, पण तेव्हा गाडी नव्हती, बंडी होती. ही चुकीची आठवण मी इतक्यांदा सांगितली आहे की पोराला आता ती खरीच वाटते. मलाही.

रस्ता तर मला हातापायांना पाठ होता. फाट्यापासून निघालं की पहिली लिंबाची वाकण, मग पांदण येऊन मिळते ती जागा, मग रपटा, रपट्यानंतर डाव्या हाताला तो खड्डा. तिकडे पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे, आमची शकुंतला, बंद पडून किती काळ लोटला, तरी रुळांपाशी आलो की माझा पाय ब्रेकवर जायचा. गाडी येणार नाही हे डोक्याला ठाऊक होतं, पायाला कोणी कळवलं नव्हतं.

आमचा बाप पुलगावला कापूस नेऊन रात्री परत यायचा तो बंडीत झोपून. कासरा हातातून सुटलेला असायचा. बैल आपले चालत अंगणात येऊन उभे राहायचे, आणि घंटा थांबल्या म्हणून माय जागी व्हायची. बाप शेवटी शेवटी उंबरठ्याला फार ठेचकाळायचा, कडेचा पाण्याचा गडू लवंडायचा. म्हातारा झाला, असं आम्ही म्हणत होतो. काचबिंदू घराण्यात उतरतो, सख्ख्या नात्यातल्यांनी डोळे तपासून घ्यावेत, हे मला परवा कळलं. बापाचं काय होतं ते आता कोणी सांगणार नाही. पण बैल होते म्हणून त्याचं निभावलं, एवढं मात्र मला दिसतं.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. वेचणीचे दिवस. दिवस बुडायला अजून अवकाश होता, बाया डोक्यावर गठोडी घेऊन घराकडे निघाल्या होत्या. मी वावरातून परत येत होतो, वीस-पंचवीसच्या चालीनं. पांदण मिळते तिथे डावीकडे मान वळवून पाहिलं, कोणी नाही, गाडी पुढे काढली, आणि हँडलला काहीतरी लागलं. थांबून पाहतो तर नालीत एक सायकल, तिचं पुढचं चाक अजून फिरतंय, आणि शेजारी दहा-अकरा वर्षांचं पोट्टं गुडघा धरून बसलेलं. फार लागलं नव्हतं. खरचटलं होतं, चड्डी फाटली होती. मी त्याला उठवलं, माती झटकली, आणि आपल्या वडीलकीला शोभेल असं काहीतरी बोललो, की बाबू, पाहून नाई चालवत काय. तो रडत नव्हता. माझ्याकडे पाहत म्हणाला, "आजोबा, तुमी त माह्याकडेच पाह्यत होते."

त्याला घरी सोडलं. बापानं मलाच चहा पाजला आणि पोट्ट्याला दोन शिव्या घातल्या. "जाऊ द्या काका, लय मस्तीखोर आहे लेकाचं." बायकाही म्हणाल्या की ते तसंच सुसाट येते. सगळा गाव माझ्या बाजूनं होता. मी चहा पिऊन घेतला.

पंधरा दिवसांनी सेवाग्रामला डोळे दाखवायला गेलो. तिथे ती तपासणी झाली. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवून. एक डोळा झाकलेला. मधे एक पिवळा दिवा, नजर त्याच्यावरून हलवायची नाही. मग इकडे-तिकडे काजव्यासारखे ठिपके लुकलुकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला मजा वाटली. मग माझ्या ध्यानात आलं की बराच वेळ काहीच दिसत नाहीये, मशीन मात्र टक टक करून राह्यलं आहे. म्हणजे ठिपके येत असणार. मी अंदाजानं दाबायला लागलो. टक झालं की दाब. पस्तीस वर्षं टपालाचे ठसे मारलेला हात, ताल लगेच धरला. बाहेर आल्यावर तिथली पोरगी कागद पाहून म्हणाली, "काका, तुम्ही दिसलं नाही तरी बटण दाबत होते नं?" मशीन मधून मधून ठिपका न दाखवता नुसतंच टक करतं, आणि तेव्हा दाबणाऱ्याला पकडतं. पुन्हा बसवलं. या वेळी इमानानं बसलो.

कागदावर जे निघालं ते पहिल्यांदा मला गावनकाशासारखं वाटलं. मधे पांढरं गावठाण, भोवती करड्या-काळ्या पट्ट्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पांढरं तेवढं दिसतं आहे तुम्हाला. मी म्हटलं, मॅडम, मला तर कुठेच काळं दिसत नाही. त्या म्हणाल्या, दिसणारच नाही. डोळा जिथे आंधळा झाला तिथे मेंदू काळं ठेवत नाही, आजूबाजूला जे असेल तेच तिथे भरून घेतो. धडधाकट माणसाच्याही प्रत्येक डोळ्यात एक आंधळी जागा असते, नस जिथून बाहेर पडते तिथे. ती कोणाला कधी दिसली आहे?

समजायला वेळ लागला म्हटलं ती गोष्ट ही. काळं दिसलं असतं तर मी पाच वर्षांपूर्वीच धावत गेलो असतो. मला दिसत होता तो रस्ता; रिकामा, मोकळा, दोन्ही बाजूंनी बाभळी. पोट्टं होतं त्या जागी माझ्या मेंदूनं रस्ता भरला. एका डोळ्याचं गेलेलं दुसरा सावरून घेतो म्हणतात, पण डाव्या बाजूचं माझं दोघांचंही गेलेलं होतं. म्हणजे किती दिवस मी बैलाचं काम डोक्याकडून करून घेत होतो कोणास ठाऊक. फरक एवढाच, की बैल मधे पोट्टं आलं असतं तर थांबला असता.

एवढं कळूनही मी गाडी लगेच सोडली असं नाही. डिसेंबरात तुरीला दोन चकरा केल्याच, मान हलवत हलवत, घुबडासारखी. मग लायसनची मुदत संपत आली. या वयात ते पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागतो, आणि आपलं आपणच लिहूनही द्यायचं असतं की प्रकृती ठीक आहे. त्यात एक प्रश्न असा, की चांगल्या उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते काय? मी गल्लीत पावलं मोजली, शेजाऱ्याची बोलेरो उभी होती तिची प्लेट वाचली. दोन पावलं आणखी मागे जाऊन वाचली. प्लेटवर लिंबू-मिरचीचा डाग होता, तोही दिसला. मोठ्या समाधानानं 'होय' लिहिलं. आणि मग खालचा एक प्रश्न, ज्यामुळे तुमचं वाहन चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा काही आजार तुम्हाला आहे काय? त्याच्यापुढे पेन ठेवलं आणि ठेवलेलंच राहिलं. याहून जास्त मला कोणी विचारणार नव्हतं, दाखल्यासाठी कोणी त्या वाडग्यात बसवणार नव्हतं. 'नाही' लिहिलं असतं तर पाच वर्षांची सोय होती. अर्ज अजून कपाटात आहे, पोलिओच्या जुन्या कार्डांखाली.

आता मी मागे बसतो. पोरगा बुटीबोरीला कंपनीत. गाडी सून चालवते. पहिल्यांदा ती गिअरची गाडी घेऊन निघाली तेव्हा पानठेल्यावरच्या माना एका वेळी वळल्या. माझ्यासारख्या वळवाव्या लागल्या नाहीत, आपोआप वळल्या. मी मागे तिचा स्कार्फ तोंडावर उडू नये म्हणून मान वाकडी करून बसलेला. मागे बसणं ही निराळीच विद्या आहे. हात कुठे ठेवावे कळत नाही. मी मागची दांडी धरतो, पण उजवा पाय काही ऐकत नाही; नसलेला ब्रेक दाबून दाबून पोटरी दुखते. रपट्यानंतर मी सवयीनं ओरडलो, "उजवीकडून घे, खड्डा आहे." ती मागे न पाहता म्हणाली, "मामाजी, थो खड्डा त दिवाळीतच बुजवला नं."

आर्वीला जायचं असलं तर फाट्यापर्यंत गाडी आणि पुढे एसटी. तिथे तिला बाई म्हणून अर्धं तिकीट, मला 65 च्या वर म्हणून अर्धं. दोघं मिळून एक माणूस जातो. फाट्यावर उभं राहायची सवय मला नव्हती. आयुष्यभर मी लोकांकडे जात आलो, कोणाची वाट पाहत उभं राहिलो नाही. वाट माझी पाहायचे, पत्रवाला आला काय म्हणून. आता कळतं की अर्धा तास किती लांब असतो आणि त्या अर्ध्या तासात किती जण "बसा काका, सोडून देतो" म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी मी ज्याचं हॉलतिकीट पोचवलं तो पोरगा परवा असाच थांबला. त्याला मी तिघांच्या मधे बसणार नाही म्हटलं. तो म्हणाला, मधे बसा नं, मधातलंच त दिसते तुमाले. गावाला आता माझा आजार असा समजला आहे.

तिकडे विरुळच्या बाजूनं समृद्धी महामार्ग गेला, नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. त्याच्यावर दुचाकी चालतच नाही. त्यामुळे माझ्या नशिबातून तो रस्ता मी डोळ्यांमुळे गमावला, असं काही म्हणता येत नाही. तेवढंच एक.

मागच्या आठवड्यात सूनबाई आर्वीहून एकटीच आली आणि गाडी अंगणात लावून म्हणाली, "मामाजी, मीटरची केबल टाकून आणली." ती केबल तुटली त्याला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. काटा शून्यावर, आकडे 68,412 वर अडकलेले. केबल शे-दीडशे रुपयांची, पण मी कधी टाकली नाही. गाडी किती पळते हे मला आवाजावरून कळत होतं आणि किती पळाली हे जाणून कोणाला काय करायचं होतं? तिला मात्र चालवताना काटा लागतो म्हणे. मी चष्मा लावून खाली वाकलो. बारीक आकडे, काचेवर ओरखडे, तरी स्वच्छ वाचता आले. 68,426.

"चौदा," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. "आर्वीतूनच मोजते थे आता."