संकष्टी, सेव उसळ आणि सहा चॉकलेट दुधं

बडोद्याला मी गेले ती हमाल म्हणून. सिंगापूरचा मावसभाऊ ऑफिसच्या कामाने दोन दिवस मुंबईत येऊन गेला. घरी जायला वेळ नाही म्हणाला आणि एक जड पिशवी माझ्या गळ्यात मारली. "आईला दे. सांग, मी तिकडे रोज काय पितो ते बघ म्हणावं." पिशवीत चॉकलेट दुधाचे टेट्रापॅक. मायलो, थायलंडचं ओव्हलटीन, हाँगकाँगचं माल्टवालं व्हिटासॉय, इंडोनेशियाचं अल्ट्रा मिल्क आणि एक कोरियन, ज्यावर गाय सोडून मला काहीच वाचता येईना. आईला मुलाने साडी पाठवावी, गेला बाजार बाम पाठवावा. याने दूध पाठवलं. तेही अमूलच्या आणंदपासून चाळीसेक किलोमीटरवर राहणाऱ्या आईला!

पण मला यात ब्लॉग दिसला. दहापैकी गुण द्यायचे, रंग, दाटपणा, गोडी, मागे राहणारी चव असे रकाने वहीत आखून ठेवले. दांडिया बझारात उतरल्यावर काकांना बेत सांगितला, तर ते तडक कोपऱ्यावरून अमूल कूल कोको घेऊन आले. "आपला पण एक पहिलवान उतरव की आखाड्यात."

सकाळी लक्ष्मी विलास पॅलेस आणि कमाटीबाग झालं. ऊन होतं, पाय दुखले.

मग चूक केली. काकांनी सेव उसळ खायला नेलं आणि मी वर दोनदा तर्री मागून घेतली. घरी येऊन नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना पहिला पॅक फोडला, अल्ट्रा मिल्कचा. नऊ गुण! दुसरा, कोरियन. नऊ! काकांनीही प्रत्येकाला नऊच दिले. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन मिरचीची आग ओढून घेतं, त्यामुळे त्या अवस्थेत साधं सायीचं दूधही अमृत लागलं असतं. दुपारचे सगळे गुण मी खोडून टाकले. (पानावर अजून तेलाचा डाग आहे.)

घरात शुद्ध जीभ एकच होती, मावशीची. आणि तिची संकष्टी होती.

"मला काय धाड भरलीय, दूध तर चालतंच," म्हणत ती ओट्याशी आली आणि चष्मा लावून पॅकच्या पाठी वाचायला बसली. मायलोवर माल्ट, म्हणजे जव. धान्य. बाजूला. ओव्हलटीन, तेच. व्हिटासॉय तर दूधच नाही, सोयाबीन. "हे कडधान्य झालं की ग! चॉकलेटची उसळच म्हण." तेही बाजूला. कोरियन मजकूर कोणालाच वाचता येईना, म्हणून संशयाचा फायदा न देता बाजूला. उरले अल्ट्रा मिल्क आणि कूल कोको. त्यातल्या एकावर बारीक अक्षरांत कॅराजिनन सापडलं आणि मी नको तितकी हुशारी दाखवली. म्हटलं, कोकोची पूड दुधात विरघळत नाही, नुसती तरंगते. ती तळाला बसू नये म्हणून हे घालतात. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून काढतात.

"शेवाळ?" मावशीने पॅक असा ठेवला, जणू हातात बेडूक होता.

इथे काका पेटले. शेवाळ का चालू नये? साबुदाण्याचा कंद कुठला? दक्षिण अमेरिकेतला. बटाटा? तिकडचाच. शेंगदाणा, मिरची, सगळं तिकडचं. "तुझ्या उपवासाचं अर्धं ताट बोटीने आलंय. कोकोही त्याच गावचा. हे दूध पूर्ण फराळी आहे!" त्यावर मावशी शांतपणे म्हणाली, "समुद्रातलं मीठ नाही चालत, सैंधव चालतं. मग समुद्रातलं शेवाळ कसं चालेल?" काका गप्प. चाळीस वर्षांच्या संसारात ते असे किती वेळा गप्प झाले असतील कोण जाणे.

शेवटी शेवाळाचा उल्लेख नसलेला पॅक तिने घेतला. स्ट्रॉ उपटून मला दिली, पॅकचा कान कात्रीने कापला आणि दूध स्टीलच्या फुलपात्रात ओतलं. आधी वास. मग फुलपात्र तिरकं करून कडेला किती चिकटतं ते बघणं. मग वरून, ओठ न लावता, एक घोट. आम्ही दोघं निकालाची वाट बघत उभे. तिने उरलेलं पिऊन टाकलं आणि भांड्याचा तळ मला दाखवला. कोकोची विटकरी रेघ, नखभर जाड. "हे बघ, गाळ. कोको आधी थोड्या दुधात घोटून घ्यायला हवा होता. दूध बरंय. पण तापवलेल्या दुधाचा वास येतो." आता हे दूध १३५ अंशांच्या वर दोन-चार सेकंद तापवून लगेच बंद करतात, म्हणून महिनोन् महिने फ्रिजबाहेर टिकतं. तो वास त्याचाच. मी रकान्यांत जे कधीच पकडलं नसतं ते हिने एका घोटात पकडलं. "सात," म्हणाली. "गाळाचा एक कापला."

संध्याकाळी, तोंड ताळ्यावर आल्यावर, काकांनी आणि मी उरलेले चाखले. कोरियन इतकं गोड की दात शिवशिवले, पाच. व्हिटासॉयला मागाहून भिजवलेल्या डाळीचा वास येतो. काहींना आवडत असेल, माझ्याकडून चार. ओव्हलटीन सहा. कूल कोकोला काकांचे दहा, माझे आठ. सुरतेच्या कोल्ड कोकोची सवय असलेल्या माणसाला ते पातळच वाटणार, पण शेजारी ठेवलेल्या शेवेबरोबर ते बरं गेलं हे कबूल.

मायलो फोडायला मावशीने मनाई केली. "तो रोज पितो ते हेच ना? मी पिईन. चंद्र बघून."

मायलोचा जन्म १९३४ सालचा, ऑस्ट्रेलियातला, आणि नाव एका ग्रीक पहिलवानाचं, जो वासरू रोज खांद्यावर घेता घेता शेवटी अख्खा बैल उचलायला लागला, हे ऐकल्यावर काकांनाही चेव आला. पोरवयात ते प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. कपाटातून त्यांनी एक मुदगल काढून दाखवला. उचलला मात्र नाही.

कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ टळून गेली. गच्चीवर नुसते ढग. मोदक झाकलेले, आरतीचं ताट तयार, कठड्यावर मायलोचा पॅक आणि शेजारी फुलपात्र उपडं. माझी गाडी रात्रीची. साडेनऊला मी निघाले तेव्हा मावशी आकाशाकडे बघत उभी होती आणि सकाळपासून तिच्या पोटात थोडी साबुदाण्याची खिचडी आणि पॅकभर दूध एवढंच होतं. सिंगापुरात मध्यरात्र उलटलेली. दुपारपासून भावाचे दोन मेसेज आले होते: 'प्यायली का?'

भरूचच्या पुढे, नर्मदेच्या पुलावर, तिचा फोन आला. गाडीच्या खडखडाटात अर्धं ऐकूच येईना.

"दिसला का चंद्र?"

"दिसला! ऐक ना, ते प्यायले मी."

"मग? किती गुण?"

"अग, बोर्नव्हिटाच आहे हा! इथे असताना घे घे म्हणून मागे लागायचे तर मोरीत ओतायचा मेला."

मग पूल संपला. तिच्या मागून काका, बहुतेक दहा, दहा लिही, असं ओरडत होते.