स्पाइक मेला का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

मेला. म्हणजे मला विचाराल तर मेला. एवढं उत्तर पुरत असेल तर इथेच थांबा, कारण पुढे मी बराच वेळ स्वतःशीच भांडणार आहे.

स्पाइक ज्या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा नायक, ती 'काउबॉय बीबॉप' पाहून संपवलेला जो तो मलाच हे विचारायला येतो, यात दोष माझाच. एके काळी या वादात मी इतक्या हिरिरीने उतरायचो की 'त्याला विचारा, त्याच्याकडे पुरावे आहेत' अशी ख्यातीच झाली. हल्ली मी विषय टाळतो, तर तुम्ही चिडता. 'एवढे भांडायचात, आता काय झालं?' काय झालं ते सांगतो.

पुरावे मला अजूनही पाठ आहेत. पोटाशी हात धरून स्पाइक जिना उतरतो. समोर बंदुका घेतलेली माणसं आहेत, पण गोळी कोणीच झाडत नाही. तो बोटांची बंदूक करतो, तोंडाने 'बँग' म्हणतो आणि कोसळतो. कॅमेरा वर वर जातो, माई यामानेच्या आवाजात 'ब्लू' सुरू होतं आणि सगळं संपता संपता आभाळातला एक तारा मिणमिणून विझतो. तारे आणि योद्धे यांचं नातं लाफिंग बुल या म्हाताऱ्याच्या तोंडून मालिकेत आधीच येऊन गेलेलं आहे. तर विझला तो कोणाचा तारा? माझा हा हुकमाचा पत्ता. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांनी मुलाखतींत कधी ठाम उत्तर दिलेलं नाही, असं कोणी म्हणालं की मी म्हणायचो, त्यांना कशाला विचारता, पडद्याला विचारा.

एक मुद्दा मात्र मला कधी खोडता आला नाही. १९९८च्या एप्रिल ते जूनमध्ये टीव्ही टोकियोवर ही मालिका लागली, तेव्हा २६पैकी जेमतेम १२ भाग आणि एक गोळाबेरीज भाग दाखवला गेला. पूर्ण मालिका वाउवाउ या वाहिनीवर ऑक्टोबरपासून लागली आणि शेवटचा भाग यायला २४ एप्रिल १९९९ उजाडला. म्हणजे ज्यांनी आधीचं प्रक्षेपण पाहिलं, त्यांच्या लेखी दहा महिने स्पाइक पडलेलाच नव्हता. 'मग तेव्हा तो कुठे होता?' असं एकाने मला विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं. प्रश्न हसण्याजोगा नव्हता.

आता ताई.

ताईने सगळी मालिका माझ्या आग्रहाखातर, माझ्या शेजारी बसून पाहिली होती. पुढे तिचं एक ऑपरेशन ठरलं. कसलं, ते जाऊ द्या. एवढंच सांगतो की त्या दुपारी संमतीपत्रावर सही करताना तिने त्यातली ओळ न् ओळ वाचली होती आणि मी शेजारून 'वाचू नकोस गं, सगळीकडे हेच छापलेलं असतं' असं म्हणत होतो. रात्री तिच्याजवळ मी थांबलो. वॉर्डातले मोठे दिवे मालवले होते. बारानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता, म्हणून ती घड्याळाकडे बघत उरलेलं पाणी घोट घोट पीत होती. झोप येईना तेव्हा म्हणाली, "तो शेवटचा भाग लाव." इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. फोन मी धरला होता, कारण तिच्या हाताला सुई होती.

स्पाइक जिन्यावर पडला. ती म्हणाली, "झोपलाय तो. दमलाय."

आणि मी काय केलं? मी भाग पुढे सरकवला. तारा विझतो ती जागा शोधून काढली, हुकली म्हणून मागे घेतली, पुन्हा काढली आणि स्क्रीन तिच्या चेहऱ्यासमोर धरली. "हे बघ. इथे. आत्ता... विझला." आवाज हळू ठेवला होता, शेजारच्या पेशंटची झोपमोड नको म्हणून. तेवढं भान मला होतं.

ती बघत राहिली. मग "बरं," म्हणाली. कानातलं काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "तुला झोप येत असेल ना रे?"

ऑपरेशन नीट झालं. ताई ठणठणीत आहे, जिना माझ्याआधी चढते. या गोष्टीत कोणी मेलं नाही. तुम्ही त्याची वाट बघत होतात, मला ठाऊक आहे. मीही अशा गोष्टी वाचताना तेच करतो. पण त्या रात्रीचा विषय काढला की ती म्हणते, "मला काही आठवत नाही." आणि मला ते खरं वाटत नाही.

माझ्या बाजूने बोलायचं तर मी खोटं बोललो नव्हतो. तारा विझतोच. कोणाच्या भीतीपोटी तो पुन्हा पेटत नाही, आणि 'ज्याने त्याने आपापलं ठरवावं' म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. ते उत्तर नव्हे, ती पळवाट. पण ताईने मला काही विचारलंच नव्हतं. तिने मला सांगितलं होतं. जिथे प्रश्नच नव्हता तिथे मी उत्तर देऊन बसलो.

तेव्हापासून मला माझ्याच पुराव्यांचा संशय येऊ लागला. मांजराचंच घ्या. शेवटच्या झुंजीला जाण्याआधी स्पाइक त्याच्या यानावरच्या जोडीदाराला, जेटला, दहा लाख वेळा मेलेल्या आणि दहा लाख वेळा जगलेल्या बोक्याची गोष्ट सांगतो. मूळ गोष्ट योको सानो यांच्या १९७७च्या चित्रपुस्तकातली. बोक्याला मरणाचं काहीच वाटत नाही, कारण त्याचा कोणावर जीवच नसतो. पुढे त्याला एक पांढरी मांजरी भेटते, ती मरते, तो रडतो, मरतो आणि या वेळी परत येत नाही. मी म्हणायचो, बघा, पांढरी मांजरी म्हणजे ज्युलिया, स्पाइकची मारली गेलेली प्रेयसी, निकाल लागला. पण गोष्ट सांगून झाल्यावर स्पाइक म्हणतो की ही गोष्ट त्याला मुळीच आवडत नाही, कारण त्याला मांजरंच आवडत नाहीत. आणि दोघं हसत सुटतात. इतकी वर्षं ते हसणं मी पुराव्यात धरलंच नव्हतं. अडचणीचं होतं ना.

यानावरच्या तिसऱ्या सोबतिणीला, फेला, तो सांगतो की मरायला नव्हे, आपण खरंच जिवंत आहोत का ते बघायला चाललोय. याचाही अर्थ मी 'मरायला चाललाय' असाच लावायचो. माणूस नको म्हणत असताना त्याच्या तोंडी हो घालायची ही सवय मला कुठून लागली?

पूर्वीचा मी इथे म्हणेल, भावनेच्या भरात मुद्दा सोडलास. सोडला नाही. मेला, असंच माझं मत आहे. फक्त हल्ली मी 'गेला' म्हणतो. मराठीत ही सोय आहे: दोन्ही पक्ष मान डोलावतात आणि आपापल्या अर्थाने घरी जातात. सोय आहे म्हणजेच मीही पळवाट काढली, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

एक मात्र पूर्वी कधी न बोललेली गोष्ट. मला या मालिकेतलं मरण जिन्यावर दिसतच नाही. मला ते चोविसाव्या भागात दिसतं. यानावरची पोरगी एड आणि कुत्रा आईन निघून गेलेत, फेही नाही, आणि समोर उकडलेल्या अंड्यांचा ढीग. स्पाइक आणि जेट एकमेकांकडे न बघता ती तोंडात कोंबत राहतात. बोलत नाहीत. कोणी मेलेलं नाही, नुसती वाढलेली माणसं कमी झालीत. गाल फुगलेत, डोळे बशीवर. यावर कोणी माझ्याशी वाद घालायला आलं नाही, कारण यात सिद्ध करण्यासारखं काही नाही.

ताई सध्या मालिका पुन्हा बघतेय, या वेळी एकटी. चोविसाव्यापाशी थांबलीय. म्हणाली, "अंडी खातात तिथवर पुरे मला." मी म्हणालो, "अगं, पुढचे दोन भाग राहिलेत. शेवट बघ ना."

"माहितीये मला शेवट," ती म्हणाली. "दाखवला होतास."