बंद पडताना ती काय म्हणाली?

दुपारच्या शांततेत कुठूनतरी सेल्फचा आवाज येतो. खर्र-खर्र-खर्र. थांबतो. पुन्हा खर्र-खर्र, या वेळी जरा दमलेला. तिसऱ्या खेपेला त्यात किल्ली धरणाऱ्याचा रागही मिसळलेला असतो. गाडी न बघताही सांगता येतं की ती जुनी आहे, इंजिन फिरतंय पण पेटत नाही, आणि असंच चाललं तर थोड्या वेळात बॅटरीही मान टाकणार. सेल्फ एका दमात १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावं. पण हे त्या माणसाला कोण सांगणार? १९१२ साली अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर, म्हणजे हाच सेल्फ, आला. त्याआधी हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. तेव्हाचा माणूस पुढची फेरी मारण्याआधी पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, हे नक्की बघत असणार.

गाडी रुसली की आधी बोनेट उघडायचं आणि हाताला येईल ती वायर हलवायची, ही आपली रीत. खरं तर पहिला प्रश्न बोनेटच्या बाहेरच विचारायला हवा: बंद पडली ती कशी पडली? खटका दाबून दिवा विझवावा तशी झटक्यात गेली, की आचके देत, खोकत, जीव ओढत गेली? झटक्यात गेली तर बहुधा करंट गेला. आचके देत गेली तर बहुधा पेट्रोल आटलं. अपवाद आहेत, पण दिवसभर चुकीच्या टोकाला पाना घेऊन बसण्यापेक्षा हे बरं.

इंजिन फिरतच नसेल तर प्रश्न वेगळा, आणि सोपा. हेडलाइट लावून सेल्फ मारा. लाइट पार विझला तर बॅटरी उतरलेली आहे, नाहीतर टर्मिनल ढिलं आहे किंवा त्यावर पांढरा-हिरवा फुलोरा चढलाय. लाइट होता तसाच राहिला तर करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्किंगमध्ये नीट बसलाय का, हेही बघा. चांगल्या चांगल्यांची तिथे फजिती झालेली आहे. भरलेली, निवांत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जात असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी. आणि इंजिनातून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंटची परतीची वाट, तपासा. तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि बॅटरी मात्र दोनदा बदलली जाते.

इंजिन फिरतंय आणि पेटत नाही, अशा वेळी ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढून बघावा. विटकरी-कॉफी रंगाचा असेल तर तब्येत ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. ओला आणि वासाचा असेल तर ओव्हरफ्लो झालाय, म्हणजे पेट्रोल नको इतकं आत गेलंय. बराच वेळ सेल्फ मारूनही ठणठणीत कोरडा असेल तर पेट्रोल वर चढतच नाही. एवढं सगळं तो प्लग निमूटपणे सांगतो, विचारणारा हवा.

ठिणगी येत नसेल आणि गाडी पॉइंटवाली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या आधीची असेल तर डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, टोपण काढावं लागतं. आतून दमट आहे का, बारीक तडा किंवा काळी रेघ आहे का, ते बघावं. मग पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडायला लावणारे दोन धातूचे ठिपके. ते दोन चिमुकले तोंडाला तोंड लावून बसलेले असतात. राखाडी दिसले तर छान. एकावर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा असेल तर पॉइंटना जळण्यापासून वाचवणाऱ्या कंडेन्सरवर संशय. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर हवी, आणि ती फीलर गेजनेच, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्तीनेच, मोजायची, नजरेने नाही. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजत जाते, तशी फट कमी होते आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. गाडी एका दिवसात बिघडत नाही, रोज थोडी थोडी आळशी होते. पॉलिश पेपर फिरवल्यावर कोऱ्या कागदाचा तुकडा मध्ये सरकवून पुसून घ्यावा, कारण बोटाचा तेलकटपणासुद्धा तिथे आडवा येतो. कॅमला ग्रीस अगदी नखावर मावेल इतकंच.

सिग्नलला बंद पडते पण रेस दिली की चालते, ही तक्रार वेगळी. एखादी व्हॅक्यूमची नळी चिरलेली असते, नाहीतर आयडल जेटमध्ये, म्हणजे रेस सोडल्यावर पेट्रोल देणाऱ्या भोकात, कचरा. ते भोक असतं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्यात तार खुपसणाऱ्यांबद्दल इथे न बोललेलंच बरं. हवा मारा, बस्स.

आणि ते रेस पंप करणं! कार्ब्युरेटरवाल्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारं जुनं यंत्र असलेल्या गाडीत पायाच्या प्रत्येक दाबाला पेट्रोलची एक पिचकारी आत जाते. आधीच ओव्हरफ्लो झालेल्या इंजिनाला आपण वरून आणखी पाजतो. अशा वेळी चोक (हवेची वाट अडवणारी झडप) उघडा ठेवून रेस तळापर्यंत एकदाच दाबायची, तशीच धरायची आणि सेल्फ मारायचा. हवा जाते, आतलं सुकतं.

उन्हात मात्र सगळंच गोंधळाचं. एकाच उष्णतेने दोन उलटे आजार होतात. पाइपात पेट्रोलची वाफ धरली की वर थेंब चढत नाही. कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीत पेट्रोल उकळलं की तेच उतू जाऊन इंजिन ओव्हरफ्लो होतं. ओळखायचं कसं? इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढायचा, कार्ब्युरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटल उघडायचा. पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. नाही दिसली तर इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाकून थोडं बसा. तिसरा भिडू कॉइल, ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणारी. आतली वाइंडिंग तापली की तुटते, गार झाली की जुळते. इंजेक्शनवाल्या गाड्यांत हाच खेळ इंजिनाची फिरकी टिपणारा क्रँक सेन्सर करतो. हे दोष गाडी गरम असतानाच पकडावे लागतात. टो करून गॅरेजला नेईपर्यंत ती गार होते आणि पहिल्या सेल्फला सुरू होऊन मालकाला खोटं पाडते.

म्हणूनच वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू झालेल्या गाडीचं श्रेय त्या क्षणी माणूस जे करत होता त्याला मिळतं. कोणी कॉइलची वायर दाबलेली असते, कोणी टाकीचं झाकण उघडून लावलेलं असतं. झाकणाच्या बाबतीत निदान शक्यता तरी आहे. त्याचं हवेचं भोक बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो, आणि उघडताना फुस्स आवाज येतो. वायर मात्र पुढे कित्येक वर्षं, दर वेळी, तशीच दाबली जाते.

मघाची गाडी सुरू झाली वाटतं. काय केलं असेल त्याने? बहुधा चहा प्यायला असेल.