आमची वाटचाल : सातपूरचा बीडकामाचा गाळा

वडिलांनी नाशिकच्या सातपूरला गाळा घेतला तेव्हा एक जुना लेथ आणि गॅस वेल्डिंगचा सेट, एवढंच भांडवल होतं. काम ट्रॅक्टरचं, बीड म्हणजे ओतीव लोखंड जोडायचं. निफाड-दिंडोरीकडून फुटलेला पंप, ब्लोअरचं मोडलेलं ब्रॅकेट यायचं. फवारणी अडलेला बागायतदार भावाची घासाघीस करत नाही, फक्त "आज मिळेल ना?" विचारतो.

जीपवाले नंतर आले. जुन्या महिंद्रा जीपची तीन गिअरची टी-90 पेटी काढायची आणि तिथे पाच गिअरचा बॉक्स चढवायचा, हा त्यांचा नाद. बॉक्स एका गाडीचा, इंजिन दुसरीचं. भोकं जुळत नाहीत, शाफ्टची लांबी जुळत नाही. मग अ‍ॅडॅप्टर प्लेट करा, नाहीतर बीडाचं बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच, कापून त्याला नवे कान लावा.

पहिलं हाउसिंग मी वडील गावाला गेलेले असताना केलं. इलेक्ट्रिक वेल्डिंगवर, साधा रॉड लावून. टाका दिसायला देखणा आला. चहा घेत बसलो आणि टेबलावरून "टिक्" आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. टाक्याच्या कडेने केसासारखी चीर गेली होती. तिच्या टोकाला ड्रिल लावला तर बिट नुसता घसरायचा, टोक निळं पडलं. वडिलांनी परतल्यावर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "बीडाची काच केलीस."

खरंच तसं होतं. बीडात कार्बन 2 ते 4 टक्के. सावकाश निवलं तर तो ग्राफाइट होऊन बसतो. झटकन निवलं तर लोखंडाशी बांधला जाऊन कडक, ठिसूळ थर तयार होतो. गिऱ्हाइकाला अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून, तेव्हा तो होता, दुसरं हाउसिंग आणून दिलं. त्या महिन्यात हाती काही उरलं नाही.

त्यानंतर गिअरबॉक्सच्या कामाला आम्ही पितळेचा टाकाच धरला. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना भोक, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग तड्यावर खाच. खाचेचा शेवटचा हात कानशीचा, कारण ग्राइंडरने ग्राफाइट वर पसरतं आणि पितळ धरत नाही. बीडात वर्षानुवर्षं मुरलेलं गिअर ऑइल धूर थांबेपर्यंत जाळायचं. मग टाकणखार, आणि बीड मंद लाल होईपर्यंत आंच. पितळ साधारण 900 अंशांना वितळतं, बीडाला 1150च्या पुढे जावं लागतं; त्यामुळे बीड न वितळवता पितळ त्याला धरतं. शेवटी चुन्याच्या ड्रमात पुरून ठेवायचं, म्हणजे सावकाश निवतं. इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला मात्र पितळ नाही, तिथल्या तापात ते टिकत नाही. त्याला निकेल रॉड, एका वेळी इंचभर टाका, लगेच गोल हातोडीने हलकं ठोकायचं, हात लावता येईल इतकं निवलं की पुढचा इंच.

सांधा धरला म्हणजे काम झालं असं नाही. उष्णतेने तोंड ओढलं जातं, म्हणून हाउसिंग जाड प्लेटवर बोल्टने आवळूनच तापवतो, तोंडावर थोडा माल जादा ठेवतो आणि निवल्यावर लेथवर कापतो. मग इंजिनवर बसवून, सगळं सरळ आहे का पाहायला डायल गेज फिरवतो. इथे शाफ्ट तिरका राहिला तर त्याच्या टोकाचं पायलट बेअरिंग जातं, गिअर सुटायला लागतो, आणि गाडीवाला दोष वेल्डिंगला देतो. क्वचित तो बरोबरही असतो.

हल्ली फोनवर फोटो येतो, खाली "दोन तासांत होईल?" दोन तासांत होणारं काम आम्ही घेत नाही. त्यामुळे कामं हातची जातात, वडिलांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं; हप्ते मी भरतो.

आत्ता ड्रमात एक हाउसिंग निवतंय. मालक सकाळपासून दोनदा येऊन गेला. वडिलांनी झाकणावर खडूने लिहून ठेवलंय, "उद्या 11".