व्हॉरटेक हेडवर व्हॉल्व्ह स्प्रिंग बसवताना : माझा अनुभव

मिशिगनमध्ये घरच्या गॅरेजात मी १९९७ सालच्या शेव्हरोले पिकअपचे ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन नव्याने बांधले, आणि त्या कामात सर्वांत जास्त वेळ व्हॉल्व्ह स्प्रिंगनी घेतला. १९९६ ते २००० या काळातल्या या ट्रकांवर जनरल मोटर्सने जी ओतीव लोखंडाची ‘व्हॉरटेक’ हेडे (सिलिंडरवरची, व्हॉल्व्ह धरणारी झाकणे) बसवली, ती हवा उत्तम ओढतात. मात्र ती मूळ कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) माफक लिफ्टसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह थोडाच उघडेल या हिशेबाने, आखलेली आहेत. मी निवडलेल्या हायड्रॉलिक रोलर कॅमचा लोब, म्हणजे त्यावरचा उंचवटा, त्यावर चालणाऱ्या लिफ्टरला ०.३२० इंच उचलतो आणि व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकर या तरफेचे गुणोत्तर १.५ असल्यामुळे व्हॉल्व्ह ०.४८० इंच उघडतो. एवढ्या लिफ्टला जुन्या स्प्रिंग चालणार नव्हत्या.

स्प्रिंगला दोन कामे करावी लागतात. व्हॉल्व्ह बंद असताना तो सीटवर, म्हणजे हेडातल्या ज्या कडेवर तो टेकतो तिच्यावर, घट्ट दाबून धरायचा, आणि उघडून परत येताना लिफ्टरचा रोलर लोबच्या उतारावरून सुटू द्यायचा नाही. दाब कमी पडला की वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगू लागतो, सीटवर आपटून उसळतो, आणि प्रकरण फारच बिघडले तर पिस्टनला भिडतो. उलट दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला तर लोब, पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतची दांडी) आणि रॉकरचा स्टड (तो ज्यावर बसतो तो खुंट) यांच्यावर विनाकारण ताण येतो. व्हॉरटेक हेडातले स्टड आट्यांचे नसून ठोकून बसवलेले असल्यामुळे ही भीती पोकळ नाही, आणि म्हणूनच मी मशीन शॉपमधून आटे पाडून घेऊन स्क्रूचे स्टड लावले. माझ्या स्प्रिंगच्या कागदावर १.७०० इंच उंचीला ११० पाउंड दाब आणि इंचामागे ३७० पाउंड वाढ दिली होती. ०.४८० इंच लिफ्टला त्यात सुमारे १७८ पाउंडांची भर पडते, म्हणजे पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवर दाब २८८ पाउंडांच्या आसपास जातो. कॅमसोबत आलेल्या कार्डावरच्या अपेक्षेत हा आकडा बसत होता.

पण कागदावरचे ११० पाउंड मिळतात ते उंची नेमकी १.७०० इंच असेल तरच. ही उंची म्हणजे हेडावरच्या स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या (स्प्रिंगला वरून धरणाऱ्या चकतीच्या) खालच्या बाजूपर्यंतचे अंतर, आणि ते प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र मोजावे लागते. मी व्हॉल्व्ह त्याच्या ठरलेल्या गाइडमध्ये (दांडी ज्यातून सरकते त्या नळीत) घालून, स्प्रिंगच्या जागी हाइट मायक्रोमीटर ठेवून, वर रिटेनर आणि दोन्ही लॉक (रिटेनर दांडीवर अडकवणारे तुकडे) बसवत असे. मग लॉक खाचेत नीट बसेपर्यंत रिटेनर बोटांनी वर ओढायचा, मायक्रोमीटर फिरवून तो घट्ट करायचा आणि आकडा वाचायचा. सीट नव्याने कापल्या की व्हॉल्व्ह हेडात थोडा खोल बसतो, त्याची दांडी मागून तेवढीच वर येते आणि उंची वाढते. माझ्याकडे बहुतेक ठिकाणी वाचन १.७०५ ते १.७२० इंचांत आले, पण एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ते १.७४८ निघाले. अठ्ठेचाळीस थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण दाबाच्या हिशेबात तो जवळपास १८ पाउंड खातो. म्हणजे ११० च्या जागी ९२.

हा फरक शिमने, म्हणजे स्प्रिंगखाली घालायच्या पातळ चकतीने, भरून काढायचा. शिम साधारणपणे १५, ३० आणि ६० थाऊच्या मिळतात. त्या व्हॉल्व्हखाली मी ३० आणि १५ ची एकेक घातली आणि उंची १.७०३ वर आणली. बाकीच्या ठिकाणी जिथे १५ ची शिम पुरेशी होती तिथे ती घातली, आणि पाच थाऊच्या फरकासाठी मात्र कुठेही धडपड केली नाही. ॲल्युमिनियमच्या हेडात स्प्रिंगखाली पोलादी बैठक हवीच, नाहीतर स्प्रिंग धातू खात जाते. लोखंडी हेडात ती चिंता नव्हती.

व्हॉरटेकची खरी अडचण रिटेनर आणि गाइडवरच्या, तेल अडवणाऱ्या सीलमधल्या अंतराची आहे. सील चढवून, रिटेनर खाली सरकवून मोजले तर ०.४७५ इंचांवर तो सीलला टेकत होता. व्हॉल्व्ह ०.४८० इंच उघडणार, आणि त्यापुढे किमान ५० थाऊ मोकळे हवेत, म्हणजे ०.५३० इंचांपेक्षा कमी चालणार नाही. त्यासाठी गाइडचा उंचवटा कापणारे हत्यार मिळते, जे गाइडच्याच भोकात आधार घेते आणि साध्या ड्रिलवर चालते. पोर्टमध्ये चिंध्या कोंबून, ड्रिल संथ ठेवून, थोडे कापायचे आणि लगेच मोजायचे, असे करत मी सगळी ठिकाणे ०.५६० पर्यंत नेली. ओतीव लोखंडाचा काळा चुरा कुठे कुठे शिरतो याला सुमार नाही, म्हणून नंतर हेडे गरम साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच तेल लावावे लागले.

स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटण्याची उंची मी व्हाइसमध्ये दाबून पाहिली, ती १.१५० इंच भरली. पूर्ण लिफ्टला स्प्रिंग १.२२० वर असते, तेव्हा ७० थाऊ शिल्लक राहतात आणि ते पुरेसे आहेत. लिफ्ट आणि पिस्टनपासूनचे अंतर तपासताना मात्र खऱ्या स्प्रिंग लावू नयेत, कारण हायड्रॉलिक लिफ्टरमधला सरकता भाग, म्हणजे प्लंजर, त्यांच्या दाबाने खाली जातो आणि डायल गेज कमी लिफ्ट दाखवतो. बोटाने दबतील अशा हलक्या स्प्रिंग त्या कामापुरत्या वापराव्यात. इनटेकला ८० आणि एक्झॉस्टला १०० थाऊ हे रूढ किमान अंतर मला सहज मिळाले. शेवटची जोडणी करताना स्क्रूड्रायव्हरने स्प्रिंग ढकलण्याचा मोह टाळावा, कारण तारेवर पडलेल्या एका ओरखड्यापासून पुढे तडा सुरू होऊ शकतो.

इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर हेड न उतरवता दाब मोजणाऱ्या साधनाने मी पुन्हा तपासणी केली. सीटवरचा दाब बहुतेक ठिकाणी तीन-चार पाउंडांनी उतरला होता. नवी स्प्रिंग सुरुवातीला एवढी बसतेच, त्यामुळे शिम बदलल्या नाहीत.